विनाकूलर

प्रबंधात शब्द आहे 'अनकूल्ड'.
घरी सांगताना म्हटलं, याला कूलर लागत नाही.
बाबा वाळ्याच्या ताट्या भिजवत होते,
त्यांनी पाइप बंद केला.
'नागपुरात राहून कूलर नाही लागत?
काऊन वं, कुठला म्हणायचा हा?'

कुठला म्हणू.
शिसपेन्सिलीच्या टोकातला.
चिकटपट्टीने उचललेला ग्राफाइटचा पापुद्रा,
पुन्हा दुमडून पुन्हा उचललेला,
इतका की आता त्याच्याखाली दुसरा निघत नाही.
एका अणूची जाडी.
चिपवर तो दिसतो म्हणजे
चहावर साय धरायच्या आधी
शंका येते ना, तेवढाच.

दुसरे कॅमेरे, मोठ्या घरचे,
द्रव नायट्रोजनमध्ये उणे एकशे शहाण्णववर ठेवावे लागतात,
नाहीतर स्वतःच्याच उष्म्याने आंधळे होतात.
याचे तसले लाड नाहीत.
आधी याच्यातले इलेक्ट्रॉन तापतात, जाळी मागाहून,
आणि त्या मागेपुढे होण्यातून
दोन-चार मायक्रोव्होल्ट.
बाकी सगळा गोंगाट.
धोबळे मॅडम म्हणाल्या, तुझ्या आलेखात
अर्धं वीजमंडळ आहे.

पिक्सेल एकच आहे माझ्याकडे.
आरसा हलवायचा, एक ठिपका. हलवायचा, एक ठिपका.
साठ आडवे, चाळीस उभे,
एका चित्राला अकरा मिनिटं,
आणि समोरच्याने हलायचं नाही.

नवतप्यात गच्चीवर अकरा मिनिटं कोण बसणार?
बाबा बसले.
गड्डीगोदामच्या दुकानात तीन मोटारी भरून आले होते,
बनियनवरच, स्टुलावर,
पाण्याच्या टाकीच्या भिंतीपुढे,
फोटो काढतात तसा चेहरा करून.

पहिलं चित्र दुपारी साडेतीनचं. सेहेचाळीस पूर्णांक दोन.
भिंत पांढरीफेक.
लोखंडी शिडी पांढरी, स्टूल पांढरं,
आणि मध्ये बाबांच्या आकाराचं काळं.
मला वाटलं तारा उलट्या जोडल्या.
सोडवून पुन्हा पाहिल्या. बरोबर होत्या.
अख्ख्या गच्चीवर
सगळ्यात थंड वस्तू माझे वडील होते,
मानेवरून, बनियनमधून
थेंब थेंब झिरपणारे.

दुसरं रात्री साडेदहाला.
भिंत दिवसभराचं ऊन हळूहळू सोडत
पस्तिसावर उतरली होती.
बाबांची कातडीही पस्तीस.
मी ठिपके उमटताना बघत राहिले,
ओळ संपली, दुसरी संपली,
चाळिसावी संपली, आणि चित्रात कोणी नव्हतं.
फक्त अधांतरी एक काळा ग्लास.
माठाच्या पाण्याचा, अर्ध्यापर्यंत काळा,
वर मोकळा.
हलायचं नाही म्हटलं होतं ना,
म्हणून न पिता धरून ठेवलेला.

मान वर केली.
बाबा होते. तिथंच.
'झालं का?'
मी म्हटलं, प्या आधी.
'गरम झालं असंल आता,' म्हणाले, आणि प्यायले.

तिसरं पहाटे चारला काढलं. त्यात ते छान उजळ आलेत,
कान, पोटरी, हाताच्या शिरासुद्धा.
मॅडमना आवडलं. प्रबंधात तेच जाईल,
आकृती चार पूर्णांक सात.
पहिलं परिशिष्टात.
दुसऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, यात विषयच दिसत नाही.

मी ते तिन्ही बाबांना दाखवले.
त्यांनी दुसराच कागद हातात धरला, चष्मा वर करून,
डोळ्यांजवळ नेला.
मी वाट बघत होते, विचारतील, मी कुठं आहे यात?
खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं त्यांनी,
एका करड्या डागावर, जो मी गोंगाटात धरला होता.
'टाकी पाझरून राहिली वं इथून.'

सकाळी सिमेंट कालवून वर गेले.