ओल

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं मी कोअर केले.
कोअर म्हणजे वाळूचा गाभा.
पंपाच्या पोटात जेवढी पोकळी पाहिजे
तेवढी आधी वाळूची घडवायची,
नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडून कडक करायची,
भोवतीनं लोखंड ओतू द्यायचं,
आणि निवल्यावर ठोकून ठोकून
कण न् कण बाहेर काढायचा.
पंप गिऱ्हाईक नेतं.
माझं काम ढिगावर जातं.

सन्मती दुसरीत असताना विचारायची,
आप्पा, तुम्ही बनवता काय?
भोक, म्हणायचो मी.
तिनं शाळेत तेच सांगितलं.
बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

आता ती विद्यापीठामागच्या एका खोलीत
पिवळ्या उजेडात काम करते.
पांढरा उजेड तिच्या लेपाला चालत नाही.
एका रविवारी मला घेऊन गेली.
झगा, टोपी, चपला बाहेर,
पायांना पिशव्या, वर हवेचा झोत.
म्हटलं, एवढं सोवळं तर
तुझ्या आज्जीच्या स्वयंपाकघरातपण नव्हतं.

दुर्बिणीत डोळा घातला.
नखाएवढ्या चकतीवर फळ्या. चाळीस.
एकेक केसाच्या विसाव्या हिश्शाएवढी जाड,
एका टोकाला धरलेली, दुसरं अधांतरी.
पंपावर बसवली की त्याची थरथर ओळखणार,
बेअरिंग जायच्या आधी सांगणार.

कशी केली?
आधी काचेचा थर, ती म्हणाली,
त्यावर सिलिकॉनचा,
उजेडानं आकार पाडायचा,
मग ॲसिड खालची काच तेवढी खातं.
मी हसायलाच लागलो. अगं, हा कोअरच की!
कोअरच, म्हणाली.
पण हातोडी कुठं मारू?

मग दुसरी चकती दाखवली. तीन महिन्यांची.
चाळीसच्या चाळीस फळ्या तळाला चिकटलेल्या.
ॲसिड धुवायला पाणी लागतं,
आणि पाणी वाळताना
शेवटचा थेंब फळीला घेऊन खाली जातो.
तेवढ्याशा थेंबात एवढा जोर?
आपल्याला थेंब ओला करतो, आप्पा.
हिला ओढतो.

ओल मला माहीत आहे.
त्र्याण्णवच्या आषाढात एक कोअर दमट राहिला,
कुणाचा ते मी अजून सांगितलेलं नाही,
लोखंड उसळलं
आणि युनूस मुजावरचा डावा डोळा गेला.
दिवाळीला तो अजून घरी येतो.
उजव्या बाजूला बसवतो मी त्याला,
म्हणजे मी त्याला दिसतो.

हिची आई अजून नळाला फडकं बांधते.
अणगळ पाणी घरात येत नाही.
गाळून राहिलेलं उलटं धुऊन
मागच्या आडात सोडते, जपून, दोर खाली नेऊन,
कधीही न दिसलेल्या जिवांना
घरी पोचवल्यासारखं.
मी चेष्टा करायचो.
त्या दुर्बिणीनंतर करत नाही.

आता पोरगी पाणी काढून तिथं अल्कोहोल घालते,
अल्कोहोल काढून तोच वायू, माझाच, नळीतला,
दाबून दाबून पातळ केलेला.
मग जरा ऊब देते.
एका क्षणी तो पाणीपण नसतो, वारापण नसतो.
त्याला काठ नसतो, म्हणाली,
आणि काठ नसला की ओढ नाही.
हे मला नीट कळलं नाही.
रात्री मोरीत हात धुताना
थेंब बोटाला लोंबत होता,
त्याचा काठ बघत बसलो.

काल अकराला फोन आला.
चाळीसातल्या एकोणीस राहिल्या, आप्पा!
आणि एकवीस?
बसल्या.
आमच्याकडं एवढे रिजेक्ट निघाले असते
तर मालकानं गेटवर उभं केलं असतं.
बोललो नाही.

फडकं दोरीवर टाकत हिची आई म्हणाली,
काय राहिलं म्हणते?
खाली हवा आहे म्हणे, म्हटलं, एकोणीस ठिकाणी.
म्हणजे?
भोक, म्हटलं.
ती माझ्याकडं बघत राहिली, बाईंसारखी.