रुग्णाशी नाते

नौतनव्यात आम्ही साऱ्यांना ननदच म्हणायचो,
नवऱ्याच्या पाठची असो की आधीची.
एकच शब्द, आणि तोही
लग्नाआधीपासून टोचणारा,
रजईत राहून गेलेल्या सुईसारखा.

सोनौली ओलांडून बुटवलला आले
तर पहिल्याच संध्याकाळी शब्दांची वाटणी:
धाकटी ती नन्द,
थोरली आमाजु,
थोरला दीर जेठाजु, त्याच्या सावलीला
पदरही लागायचा नाही.
दुधाच्या हिशेबाखाली, वहीच्या मागच्या पानावर
उतरवून घेतलं सगळं.

हुमकला आमाजु शिवणयंत्रामागून बघत होती.
सासरहून परत आलेली. का, ते कुणी सांगितलं नाही.
"आमा म्हणजे आई," ती म्हणाली,
"पण मी काही तुझी आई नव्हे.
जु लावायला विसरू नकोस."

अकरा वर्षं लावला.
भात करपला तेव्हा, ती टाकून बोलली तेव्हा,
टोपलाल दोह्याला गेला आणि पहिला फोन
तिलाच यायला लागला, तेव्हाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.
जेठाजुंना दुकान, नन्देला सातवा महिना.
गोरखपूरला मीच नेलं.
नाक्यावर घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं.
इथून पुढे बोलणारी मी, मुकी ती.
बसमध्ये तिने माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं,
तिनेच शिवलेल्या.

खिडकीतला कारकून, मान खाली:
मरीज तुमची कोण?
ननद म्हणायचं होतं. माझीच बोली, माझाच मुलूख.
तोंडातून गेलं, आमाजु.
"अम्मा?"
मागून रांग रेटत होती.
त्याने लिहिलं: माता.
जु तेवढा काचेच्या अलीकडेच राहिला,
माझ्या ओठांपाशी.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर
तिने बोट ठेवलं. अक्षरं तीच, तिला वाचता येतात.
"एवढी म्हातारी दिसते मी?"
माझ्याहून चार वर्षांनी तर मोठी.
"खोडून आणू?"
टाक्यांवरचा पटुका ती सैल करत होती.
"राहू दे. परत रांग लावावी लागेल."
कागदाची घडी पटुक्यात गेली.

घरी आल्यावर पहिल्याच हाकेला
मी जु लावला, नेहमीसारखा.
यंत्राचं चाक थांबलं.
तिने ओ दिली,
जरा उशिरा.