सूज

मेयोच्या वॉर्डात बावीस वर्षं काढली.
सूज मला कळते.
डॉक्टर घोट्यावर अंगठा दाबतात,
उचलतात, आणि बघत राहतात
खड्डा किती वेळ राहतो ते.
बाजूला बेडपॅन धरून उभं राहता राहता
मी हे शिकले. कोणी शिकवलं नाही.

तर नवतपाच्या तिसऱ्या दिवशी
सुगत भर दुपारी घरात शिरला,
तोंडाचा दुपट्टा सोडला आणि पाणी न पिता
फोन माझ्यापुढं धरला.
"माय, हे काऊन असं झालं, पाह्य बरं."

फोनची पाठ उठली होती.
भाकरी फुगली की हात आपोआप पुढं जातो,
इथं माझा मागं आला.
काच एका कडेनं सुटलेली,
फटीत नख जाईल एवढी जागा,
आणि वास गोडसर,
नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा.

वरून त्यानं रबर चढवले होते. दोन.
सकाळपासून तसाच हँडलवर लावून
शेहेचाळीस डिग्रीत फिरला,
धरमपेठ, रामदासपेठ, त्रिमूर्तीनगर,
कोणाची बिर्याणी, कोणाचं आइस्क्रीम.
"दाबून बसवतो न. अजून चार ऑर्डर झाल्या
तर आजचा इन्सेंटिव्ह."
अंगठा ठेवलाही होता त्यानं.

दाबू नको, म्हटलं.
मी ओरडत नाही सहसा,
म्हणून असेल, तो थांबला.

बंद कर. चार्जरचं नाव काढू नको.
रबर सोडव, जखमेची पट्टी सोडवतो तसं.

ढोमणेकाका सुई घेऊनच आले,
"बारीक भोक पाडू, हवा निघून जाते."
गळू आहे का ते, म्हटलं,
आणि गळू असलं तरी
ते काम तुमचं की डॉक्टरचं?
सुगत म्हणे, फ्रिजमध्ये ठेवू?
फ्रिजमध्ये आपलं दूध असते रे.

समोरच्या बांधकामावरून घमेलंभर रेती आणली.
तीही तापलेली, लाह्या फुटाव्या अशी.
जिन्याखाली सावलीत पसरली,
निवायला तास गेला.
मग मनीप्लांट मेलेली मातीची कुंडी,
खाली रेती, मधे फोन, वर रेती,
कूलरच्या गवतापासून दूर,
सिलिंडरपासून दूर,
अंगणाच्या पार कोपऱ्यात.
रात्री तीनदा उठून पाहिली.
नाडी नाही, ताप नाही, चार्ट नाही.
असा पेशंट पहिल्यांदाच.

पहाटे कुंडी उचलली आणि पायीच निघाले,
पाचपावली, गोलीबार चौक,
मेयोच्या गेटावरून, स्टेशनापुढून बर्डीला.
रिकामा ऑटो थांबला, "बसा न मावशी."
बसमध्ये माणसं असतात,
ऑटोत हा एक माणूस होता.
दोनदा कुंडी टेकवली, कंबर सरळ केली.

दुकान दहाला उघडलं.
भोजराज निनावेनं कुंडीत डोकावून
आधी माझ्याकडे पाहिलं.
लोखंडाचं काही हाती घेतलं नाही.
प्लास्टिकची पातळ पट्टी, कडेकडेनं,
श्वास धरून, जसं
झोपलेल्या लेकराच्या मुठीतून काही काढावं.
निघाली. चंदेरी, पोट फुगलेली,
बिस्किटाच्या पुड्याएवढीही नाही.
त्याच्या डब्यात, रेतीतच,
आधीच्या तिघी होत्या.
"सोमवारी न्यायला गाडी येते यांची.
लोक कचऱ्यात टाकतात, मावशी."
मी म्हटलं, कचरागाडीवरचा रोशन
आमच्याच गल्लीतला आहे.

नवी बॅटरी अकराशे.
इन्सेंटिव्ह गेला, रेटिंग पडलं,
सुगत दोन दिवस धड बोलला नाही.
जुन्या पांढऱ्या साडीची झालर शिवून
मी हँडलवरच्या फोनला सावली केली.
त्यानं लावली. मित्र हसले म्हणे. लावली तरी.

काल रात्री तो झोपला होता,
बुटाचे वळ अजून पायावर.
मी दिवा न लावता बसले,
घोट्यावर अंगठा ठेवला,
इथं दाबावं लागते, म्हणून दाबला,
उचलला,
आणि बोटानं चाचपत मोजत राहिले.

एक.
भरला.