कळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
डिझाइनच्या खोलीत एकच एसी, तोही कॉम्प्युटरसाठी.
पहिल्याच दिवशी अंबादास यमूल मास्तरांनी
माझ्या टेबलामागे हात घातला,
उंदीर शेपटीसकट उपटला
आणि ड्रॉवरमध्ये कोंडला.
"आठ दिवस मिळणार नाही बे, म्हेत्रे."

बत्तीस वर्षं त्यांनी जकार्डचे पत्ते पंच केलेले.
भोक आहे, धागा वर. भोक नाही, धागा खाली.
पंचिंगचं मशीन भंगारात गेलं,
पत्ते कुणाच्या तरी बंबात.
मास्तर तेवढे उरले
आणि त्यांची दोनशे पानी वही,
तेलुगू अक्षरांत उतरवलेल्या सगळ्या कळांची.
मला ती वाचता येत नव्हती.
ते वाचून दाखवायचे, बाराखडीसारखी.

"उजवा हात म्हणजे धोटा," म्हणायचे.
"धोटा इकडून तिकडे जातो, कापड होतं.
तुझा हात उंदराकडे गेला, परत आला,
गेला, परत आला,
काय विणलं त्यात?"
एका खेपेला दोन सेकंद, दिवसाला नऊशे खेपा,
वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब:
अर्धा तास.
"अर्ध्या तासात माणूस नीट जेवतो."

चौथ्या दिवशी माझ्या मनगटात कळ आली.
मास्तर हसले. "कळ कळीनंच जाते," म्हणाले,
आणि करंगळी कुठे ठेवायची ते
माझी करंगळी धरून दाखवलं.

एप्रिलात दुपारी लाईट जायची.
खोलीभर हाय हाय. कुणाचा काठ गेला, कुणाची वेलबुट्टी.
मास्तर शांतपणे डबा उघडायचे,
कडक भाकरी मोडायचे,
शेंगाचटणीवर दह्याचा गोळा.
दर ओळीला कंट्रोल एस. बोलता बोलता कंट्रोल एस.
मालक आत आला तरी, नमस्काराच्या आधी, कंट्रोल एस.

पण कंट्रोल झेड त्यांनी दाबलेलं मी कधी पाहिलं नाही.
मी तर त्याच्यावरच जगत होतो.

"माग आणि मागे," एकदा म्हणाले,
"एका मात्रेचा फरक. पण माग मागे जात नाही."
मग सांगितलं: कलबुर्गीच्या पुष्पक लॉजचे टॉवेल,
पत्त्यांची माळ उलटी ओवली गेली,
चारशे नग उतरल्यावर दिसलं.
नाव उलटं.
पाठीमागून वाचलं तर बरोबर होतं,
पण तिकडे सुटे धागे,
आणि गिऱ्हाईक पाठीमागून वाचत नाही.
पगारातून वळते झाले, टॉवेल घरी आले.
पोरं त्यातच पुसून मोठी झाली.
"आता डिझाइन उलटं करायला एक कळ आहे,
सुलटं करायला तीच."
एवढं बोलून त्यांनी ती दाबली, दोनदा,
पडद्यावरचा मोर इकडे बघून तिकडे बघायला लागला.

वाचलेला अर्धा तास मालकाच्या लक्षात आला
तेव्हा रोजच्या पाच डिझाइनच्या सात झाल्या.
मी चिडलो. मास्तरांनी काही म्हटलं नाही,
फक्त डबा खाताना स्क्रीनकडे बघू लागले.

एकतीस तारखेला गेले. नारळ, शाल,
शाल आमच्याच मागावरची.
कीबोर्ड मला आला.
एस गेलेला, सी आणि व्ही अर्धे,
झेड कोरा करकरीत, दुकानातून आणल्यासारखा.
जाताना त्यांनी कॅरीबॅगमधून
एक टॉवेल काढून दिला, विरलेला,
आणि ड्रॉवरची किल्ली.
उंदीर अजून तिथेच आहे.

सकाळी तोंड धुताना टॉवेल खांद्यावर होता.
आरशात बघितलं तर
पुष्पक लॉज.
सुलटं. स्वच्छ. काना-मात्रेसकट.
पाणी डोळ्यांत जात होतं तरी तसाच उभा राहिलो,
आणि डाव्या हाताची दोन बोटं
बेसिनच्या ओल्या कडेवर आपोआप दाबली गेली.

काही सेव्ह झालं का,
कळलं नाही.