दोन चंद्रांचं उधाण

जुलैत हर्णैची बर्फ फॅक्टरी बंद असते,
म्हणून तिथल्या टीव्हीसमोर बसायला जागा होते.
होड्या आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढलेल्या,
जाळी मांडीवर,
आणि भिंतीवर ती मालिका, हिंदीत डब केलेली,
ज्यात परदेशी राणी सरदाराला 'महाबली' म्हणते
आणि ओठ तिचे नंतर हलतात.

पंखवाल्या सुसरीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.
आग ओकते, ओकू दे.
मेलेली पलटण थडग्यांतून उठते, उठू दे.
पण सहाव्या भागात
पुनवेच्या मध्यरात्री समुद्र मागे हटला,
चाळीस हजार माणसं कोरड्या वाळूवरून
किल्ल्यात चालत गेली,
तेव्हा धर्मा तांडेलाने सुई जाळ्यात खोचली.

"पुनवेच्या मध्यरात्री?
तेव्हा पाणी उंबऱ्याला असतं रे.
सुकती सहाला. सकाळची नायतर सांजची.
लिवणाऱ्याने दर्या बघितलाय का कधी?"

"चाचा, त्यांना चंद्र दोन आहेत," इम्तियाज म्हणाला.
खरंच आहेत. एक पांढरा, एक तांबूस.

धर्मा गप्प. नऊ आस विणून झाल्यावर म्हणाला,
"दोन असतील तर उधाण दुप्पट.
मग किल्ला बुडायला हवा होता.
एक घ्या नायतर दोन घ्या,
हिशोब द्या."
आम्ही सगळ्यांनी खिडकीतून सुवर्णदुर्गाकडे पाहिलं,
जसा काही तो साक्षीला येणार होता.

मग कप्तान वाल्दरचा विषय निघाला.
पाचव्या भागात दोन बाण लागून पाण्यात पडला होता.
इम्तियाजचा नियम साधा:
शव दाखवलं नाही, म्हणजे माणूस जिवंत.
त्याची अंगठी अजून सापडायची आहे,
राणीला दिवस गेलेत,
असा माणूस फुकट कोण मारतो?
शंभर रुपये लावले त्याने.

"मेलाय तो."
दाराशी सुकट निवडत बसलेली सुगंधा. मान वर नाही.
"अंगावर लोखंड. खाली अठरा वाव पाणी.
किती वेळ हात मारणार?"

"पण दाखवलं नाही ना, वहिनी..."
आणि इम्तियाजची जीभ तिथेच थांबली.

फॅक्टरीची वही मी लिहितो.
त्यात एका होडीच्या नावावर
बारा लाद्या अजून उधार आहेत.
दर वर्षी नव्या वहीत मी ते नाव उतरवून घेतो,
रक्कम पुढे ओढतो,
आणि वसुलीचा रकाना कोरा सोडतो.

"सरकारी कागदावर मरायला सात वर्षं लागतात,"
ती म्हणाली. "माझं पाचवं चाललंय.
त्याला परत आणू नये त्यांनी.
आणला, की हे सगळे पुन्हा माझ्या दारात येतील,
बघ म्हणतील, येतात माणसं."
एक खेकड्याचं पिल्लू सुकटीतून काढून
तिने बाहेर फेकलं.

"आणणार," धर्मा हळूच म्हणाला.
"ज्याला सुकती कळत नाय
तो आणणारच."

पुढच्या शनिवारी सातवा भाग.
सगळ्यांत आधी तीच आली होती,
सूप न घेता, पुढच्या खुर्चीवर.
इम्तियाजने पैज फिरवलेली:
शंभर रुपये, कप्तान मेला.
समोरून घ्यायला कुणी तयार नाही.
जो तो जाळ्यात बघतोय,
कुणी तंबाखू मळतोय,
मी रिमोटचे सेल काढून पुन्हा घालतोय.

सुगंधाने पदराची गाठ सोडली.
घामेजलेली नोट उलगडली, सरळ केली,
आणि बंद कंप्रेसरवर इम्तियाजच्या नोटेशेजारी ठेवली.

"आवाज वाढव," मला म्हणाली.

पडद्यावर दोन्ही चंद्र उगवले.
धर्मा बोटांच्या पेरांवर
तिथी मोजायला लागला.