खोलीच्या उबेला येईपर्यंत

ओउलूत त्या फेब्रुवारीत उणे अठ्ठावीस होतं.
कागद गिरणीच्या अकरा पगारांतून
थोडं थोडं बाजूला टाकत
मी अँप्लिफायर घेतला.
चौदा किलो. पुढे घासलेलं अ‍ॅल्युमिनियम,
आणि आवाजाची कळ अशी
की दाट मधात बोट फिरवावं.

दुकानदार लुंडक्विस्तनी तो घोंगडीत गुंडाळला,
माझ्या घसरगाडीवर दोरीनं आवळला.
लाकडी बैठकीची गाडी, एका पायानं बर्फ मागे सारत ढकलायची,
जिच्यावरून आमच्या गल्लीत बटाटे जात
आणि कुणाकुणाच्या सासवा.
मग बोट उगारून म्हणाले,
"घरी नेल्या नेल्या लावायचा नाही.
आत दव धरतं. खोलीच्या उबेला येऊ दे.
सकाळपर्यंत थांब."

गोठलेल्या नदीवरूनच आले,
पुलावर चढ होता म्हणून.
पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.
बर्फात खाचखळगा आला की
गाडीच्या आधी माझाच जीव आदळे.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "केवढ्याला?"
मी सांगितली ती निम्मी किंमत.
त्यांनी ती मनातल्या मनात दुप्पट केली,
ओळखून होते मला.
पेपर पुन्हा वर.

घोंगडी सोडली तर पत्र्याला बारीक घाम फुटलेला.
एक थेंब जाळीच्या कडेपर्यंत आला,
थबकला.
मी रुमाल घेऊन बसले, पुसायचं धाडस होईना.

रात्री बाबा तीनदा उठले,
शेगडीत लाकूड सारायला.
तिन्ही वेळा पावलं शेगडीपाशी थांबली नाहीत.
डोळे किलकिले करून पाहिलं:
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा तळहात त्याच्या पाठीवर.
"अजून गारच आहे," कुणाला तरी म्हणाले.

सहाला, अंधारातच, "आता?"

स्पीकर शाळेनं मोडीत काढलेले.
तबकडी फिरवायचं यंत्र पिर्क्कोकडून दोन दिवसांच्या बोलीवर.
रेकॉर्ड घरात एकच, अकॉर्डियनवरचे टँगो,
आई गेल्यापासून पाकिटाबाहेर न आलेली.
सुई टेकली.
खरखर, आणि खरखरीमागे एक खोली,
त्या खोलीत कुणीतरी खुर्ची सावरून बसलं.
पहिल्या सुराआधी नाकातून ओढलेला श्वास.

बाबांनी हात वर केला. "थांब. परत लाव."
परत लावली.
"याला सर्दी झालीय," ते म्हणाले.
नऊ वर्षं ते दोघं या रेकॉर्डवर नाचले होते
आणि हे कधी कळलंच नव्हतं.
मग हसले, इतके की खोकला लागला,
आणि खोकता खोकता दुसरी बाजू लावायची खूण केली.

त्याचा डावा कान आता गेलाय, माझाही.
गेल्या जुलैत भाचा आला न्यायला, ओन्नी,
दुरुस्त करतो म्हणाला.
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला त्याचा,
तरी मी घोंगडीत गुंडाळून दिला.
"लगेच लावू नकोस. सकाळपर्यंत थांब."

रात्रीचे अकरा वाजले होते, अंगणात लख्ख उजेड.
त्यानं आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं मावशी," म्हणाला,
"पण सकाळ कुठून धरायची?"