उसनं नाक

भुसा रात्रभर भिजवायचा, सकाळी तासभर उकळायचा,
निथळला की मूठभर घेऊन पिळून पाहायचा.
धार लागली तर अजून ओला,
तळवा नुसता दमट झाला, तर झालं.
एवढं हातांना कळतं.
पुढचं काम नाकाचं,
आणि माझं नाक दोन वर्षांपूर्वी तापात गेलं
ते परतलंच नाही.

एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
लेबलं निघालेल्या बाटल्या मी वासावरून लावल्या.
अमोनिया जिन्यातूनच ओळखायचो.
आता फोडणी जळाली
की धूर दिसल्यावर कळतं.

कारेलीबाग, तिसरा मजला.
मागच्या न्हाणीला खिडकी वीतभर,
ऊन कधी येत नाही, तेच हवं होतं.
आणंदहून बियाणं आलं:
ज्वारीचे दाणे, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेले.
थर भुश्याचा, वर दाणे, पुन्हा भुसा,
तोंडाला रबर, सुईनं भोकं,
आणि पिशवी टांगली टॉवेलच्या दांडीला.
सोबतच्या कागदावर लिहिलेलं:
वीस दिवस अंधार. उघडू नका.
रोज वास घ्या. आंबूस आला तर लांब नेऊन टाका.

समोर तरुलताबेन शाह.
कांदा नाही, बटाटा नाही,
सूर्य बुडाला की स्वयंपाकघराला कडी.
अळिंबीचं नाव काढताच
त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.
म्हटलं, खायची नाही हो. नुसती हुंगायची.
बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, हुंगण्याबद्दल महाराजसाहेबांना
कधी विचारलं नाही.
म्हणजे हो.

रोज चार वाजता यायच्या,
पदर तोंडावर घट्ट, नाक तेवढं उघडं.
पाचव्या दिवशी म्हणाल्या, "खाटी छे."
मी भिंग लावून पाहिलं. पांढरं, स्वच्छ, कुठे काही नाही.
मला डोळे होते, चष्मा होता,
एकतीस वर्षं होती.
सातव्या दिवशी रुपयाएवढा हिरवा डाग,
आठव्या दिवशी तळहाताएवढा.
दुहेरी बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकली.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
तेच जास्त लागलं.

दुसरी पिशवी डिसेंबरात.
या वेळी हात कोपरापर्यंत धुतले,
भुसा पुरता निवू दिला, पंखा बंद ठेवला,
आणि मत मांडलं नाही.
"ठीक." "ठीक." "आजे कंई नथी."
अकराव्या दिवशी डोळे मिटून जरा जास्त वेळ थांबल्या:
"दिवाळीच्या कोऱ्या चोपड्यासारखा."
ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं,
दूधवाल्याच्या हिशोबाच्या खाली.

मग पिशवीला चिरा दिल्या, दिवसातून चारदा फवारा,
आणि एका सकाळी टाचणीची डोकी.
तीन दिवसांत त्यांचे पंखे झाले,
एकावर एक, करड्या काठाचे.
काठ वर वळायच्या आत
बुडाशी धरून पिळून काढायचे असतात.
भरले चारशे दहा ग्रॅम.

उसनं घेतलं की वाटी रिकामी परत करू नये.
पण यातलं काय घालणार त्यांच्या वाटीत?
ओली हळद आणली, तीही जमिनीखालची निघाली.
शेवटी आधी विचारून
ज्वारीचा पोंक दिला, कोवळा, हिरवा.
त्या म्हणाल्या, हीच का तुमच्या पिशवीतली ज्वारी?
म्हटलं, तिचीच बहीण. पण ही सुटली.

रात्री लोणी-मिरीवर परतून खाल्ली.
मीठ कळलं. दाताखाली लुसलुशीत काही कळलं.
बाकी त्यांच्या शब्दांवर जेवलो.

दुसऱ्या दिवशी चारला घंटा.
म्हटलं, तरुलताबेन, कापून झाली, आता नुसता भुसा आहे.
त्या सरळ आत गेल्या, पदर तोंडावर,
पिशवीजवळ वाकल्या,
आणि न्हाणीतूनच म्हणाल्या,
"हजी छे. पाणी मारा."